रविवारचे विद्यार्थी

सोमवार ते शनिवार तालुक्याच्या कॉलेजच्या फाटकाशी गाड्या कशाही लावलेल्या असतात. रविवारी त्या ओळीत असतात. एकीच्या हँडलला डब्याची पिशवी, दुसरीला दुधाचे रिकामे कॅन, तिसरीवरून उतरणाऱ्या बाईच्या कडेवर तीन-चार वर्षांचं पोर, कारण आज घरी त्याला सांभाळायला कोणी नाही. रविवारी इथे मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरतं. अंगणवाडी सेविका, एसटीचा वाहक, पतसंस्थेतला शिपाई, बारावीनंतर लग्न झालेली आणि आता लेकीच्या बारावीबरोबर स्वतःचं एफवाय करणारी आई असे सगळे एका वर्गात. आठवडाभर जिथे शेवटच्या बाकासाठी भांडणं होतात, तिथे आज पुढचे बाक आधी भरतात.

फळ्यापाशी उभा असलेला समंत्रक पुष्कळदा समोरच्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असतो. ते त्याला 'सर' म्हणतात, तो त्यांना 'काका', 'ताई' म्हणतो आणि हजेरी घेताना दोन्ही बाजू थोड्या अवघडतात. ही अवघड जागा कशी पार होते, यावर पुढची तीन वर्षं बरीचशी ठरतात.

प्रौढ विद्यार्थ्यांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते प्रवेशाचं. किती जणांनी नावं नोंदवली, किती महिला, किती ग्रामीण, सगळ्यात मोठ्या वयाचा पदवीधर कोण, दीक्षान्त समारंभात आजोबांचा फोटो कुणी काढला. मधल्या वर्षांत काय होतं याची बातमी होत नाही. वर्गात, मिश्र पद्धतीच्या अभ्यासक्रमांत आणि ऑनलाइन, अशा तिन्ही ठिकाणी प्रौढांना शिकवणाऱ्यांशी बोलत गेलो तसं माझं एक मत बनत गेलं. नोकरी, शेत, लेकरं सांभाळून आलेला माणूस मधेच शिक्षण सोडतो, तेव्हा अभ्यास अवघड गेला हे कारण फार क्वचित असतं. आपण गेलो नाही तर कुणाच्या लक्षात येणार आहे, असं त्याला वाटू लागतं आणि तिथून तो सुटतो.

दारं उघडण्याचं काम महाराष्ट्राने जुन्या काळापासून केलं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ मध्ये. पुढे मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळांनी कामगारांच्या कितीतरी पोरांना मॅट्रिक केलं. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला झालं, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद आधीच भूषवून आलेला हा माणूस नवं विद्यापीठ मराठीत, गावोगावच्या केंद्रांमधून, उभं करायला निघाला होता. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम काढून त्यांना पदवीच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याची कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. पुस्तकांचा गठ्ठा घरोघरी पोचला, हे निर्विवाद. गठ्ठा सोडल्यावर काय, हा प्रश्न कोणत्याही दूरशिक्षणाला चुकत नाही.

ब्रिटनमध्ये त्याचं उत्तर सुरुवातीलाच शोधावं लागलं. तिथलं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये सनद मिळवून १९७१ च्या जानेवारीत पहिल्या सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांसह सुरू झालं. लोकांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवरचे अपरात्रीचे तास, जे २००६ पर्यंत चालू होते. पण विद्यार्थ्यांना धरून ठेवलं ते टीव्हीने नव्हे. प्रत्येकाला एक ट्यूटर दिलेला असे. लिहिलेला गृहपाठ टपालाने त्याच्याकडे जाई आणि गुणांबरोबर शेरे लिहून परत येई. ट्यूटरच्या त्या शेऱ्यांचे नमुने वरिष्ठ शिक्षक काढून वाचत. गुण योग्य दिलेत का हे तर बघतच, शिवाय लिहिलेल्या शेऱ्यातून विद्यार्थ्याला पुढे काय करायचं ते कळतं का, हेही बघत. अनेक अभ्यासक्रमांना उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शाळा असे. तिथे वर्षभर एकटं वाचणाऱ्यांना आपल्यासारखेच आणखी आहेत, हे डोळ्यांनी दिसे. कामगार सरकारातल्या मंत्री जेनी ली यांचा आग्रह होता की प्रौढांसाठी म्हणून पदवी हलकी करायची नाही. आग्रह टिकला, कारण पदवी जड ठेवताना तिच्याखाली हात द्यायला ट्यूटर होता.

आपल्याकडचा गृहपाठ आठवा. विद्यापीठ कोणतंही असो, एकाची वही दहा जणांत फिरते, बाहेर झेरॉक्सच्या दुकानात 'सोडवलेला संच' मिळतो आणि तपासणाऱ्याची सही शेवटच्या पानावर असते, एकदाच, तिरकी. यात विद्यार्थ्याला दोष देणं सोपं आहे. पण वाचलं जाणार नाही असं ज्याला पक्कं ठाऊक आहे तो चाळीस पानं मनापासून कशाला लिहील? मोठा माणूस वेळेचा हिशोब मुलांपेक्षा चोख करतो.

पहिल्या एक-दोन रविवारी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, आता वय झालं, डोक्यात राहत नाही." मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ मध्ये प्रौढांच्या शिकण्यावर पुस्तक लिहून हा समज खोडला होता. शिकण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू उतरतो, पण तो इतका सावकाश की शिकायचं नाही असं ठरवायला ते कारण पुरत नाही. पुढच्या संशोधनाने आणखी भर घातली: शब्दसंपत्ती आणि साठलेलं ज्ञान बराच काळ टिकतं, किंबहुना वाढतं. हे सगळं वर्गात सांगून फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पहिला परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहून झाल्यावर.

हात हा शब्द मी मुद्दाम वापरतो. प्रौढांच्या शिक्षणावरच्या पुस्तकांत प्रेरणेवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, मनगटावर ओळ नसते. वीस वर्षं ज्याने सही आणि पावत्या यांपलीकडे काही लिहिलं नाही, त्याला तीन तासांचा पेपर हा आधी शरीराचा प्रश्न असतो. बोटं आखडतात, अक्षर दुसऱ्या पानापासून पसरतं, येत असलेलं उत्तर वेळेअभावी राहतं. नापास झाल्यावर तो म्हणतो, आपल्याला जमत नाही. एका केंद्रावरच्या मराठीच्या बाई ऑगस्टपासून प्रत्येक संपर्कसत्राची शेवटची वीस मिनिटं फक्त लिहायला देतात. विषय काहीही. आज सकाळी काय काय करून आलात ते लिहा. सुरुवातीला पाव पान होतं, दिवाळीपर्यंत दीड. बाई ते घरी नेऊन वाचतात आणि प्रत्येकाच्या लिखाणावर एक ओळ लिहितात. "व्याकरणाची एकही चूक मी पहिल्या महिन्यात दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "आधी लिहू दे. चुका पळून नाही जात."

मी पाहिलेल्या तासांमधला सर्वांत चांगला तास अर्थशास्त्राचा होता, निफाडच्या बाजूला. तो जरा सविस्तर सांगतो. विषय मागणीची लवचिकता. पुस्तकात व्याख्या, सूत्र, पाच प्रकार आणि पाच आकृत्या. शिकवणारी पंचविशीतली मुलगी. तिने खडू हातात घेतलाच नाही. विचारलं, "कांदा दहा रुपयांवरून चाळीसवर गेला तर तुमच्याकडे किती कमी आणता?" आधी कोणी बोलेना. मग मागून एक ताई म्हणाल्या, "कमी कुठला? भाजीत अर्धा टाकायचा एवढंच. बंद नाही करता येत." कुणीतरी हॉटेलवाल्यांचं काढलं: भाव चढले की मिसळीबरोबर कांद्याऐवजी कोबी येतो. हशा झाला. "आणि भेंडी चौपट झाली तर?" "तर वांगी आणू की!" त्यानंतर तिने फळ्यावर दोन शब्द लिहिले, लवचिक आणि अलवचिक, आणि कांदा-भेंडीच्या खाली तेच सांगितलेलं मांडलं.

इथपर्यंत कुठलाही हुशार शिक्षक येतो. खरी गंमत पुढे झाली. डोक्याला टोपी असलेले एक काका, कांद्याचे उत्पादक, म्हणाले, "मॅडम, तीन वर्षांपूर्वी माझा कांदा दीडपट निघाला आणि हातात आले निम्मेच पैसे. हे कसं?" तिने त्यांना पुढे बोलावलं. किती क्विंटल, कोणत्या महिन्यात, काय भावाने, असं विचारत त्यांच्याच तोंडून आकडे फळ्यावर घेतले. मागणी अलवचिक असेल तर सगळ्यांचंच पीक जास्त आल्यावर भाव पिकाच्या वाढीपेक्षा जास्त कोसळतो आणि एकूण उत्पन्न घटतं, हे पुस्तकातलं सर्वांत कोरडं कलम त्या काकांच्या नुकसानीतून वर्गाला कळलं. मग चर्चा चाळीवर गेली. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत घालायचा, ऑक्टोबरपर्यंत सांभाळायचा, मधे सडतो तो सडतो. पुरवठा वेळेत सरकवणं म्हणजे काय, हे त्यांनी वर्गाला शिकवलं. मुलगी बाकावर बसून ऐकत होती.

पण तिने पुढे जे केलं त्यासाठी मी हा तास लक्षात ठेवला. काका म्हणाले, "भाव सगळा व्यापारी पाडतात." वर्गाने माना डोलावल्या. तिने डोलावली नाही. "असेल. पुढच्या वेळी तुमच्या हिशोबपट्ट्या आणा. मी लासलगावची त्याच दिवसांची आवक आणि भाव काढून आणते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातशुल्क ४० टक्के लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, त्या तारखाही लावू. मग बघू व्यापाऱ्याचा वाटा किती आणि सरकारचा किती." काकांना हे फारसं आवडलेलं दिसलं नाही. पण पुढच्या सत्राला ते पट्ट्यांची पिशवी घेऊन आले, असं नंतर कळलं.

प्रौढांचा अनुभव हीच वर्गातली मोठी संपत्ती, हे आता सगळेच म्हणतात. एड्युअर्ड लिंडेमन १९२६ मध्येच म्हणाले होते, माल्कम नोल्स यांनी १९७० च्या पुस्तकात त्यावर आख्खी पद्धत उभी केली. मुलांना शिकवणं आणि मोठ्यांना शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत असा त्या पुस्तकाचा पवित्रा होता. दहा वर्षांनी सुधारित आवृत्ती काढताना नोल्स यांनीच तो मवाळ केला, कारण शाळेतले शिक्षक त्यांना सांगू लागले की या युक्त्या मुलांनाही लागू पडतात. मला ही माघार पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. पाउलो फ्रेरी यांनी ब्राझीलमधल्या शेतमजुरांना अक्षरं शिकवताना विद्यार्थ्याला रिकामं खातं समजून त्यात ज्ञानाची ठेव भरण्याला विरोध केला, तो तर आपल्याकडच्या चळवळींना पाठ आहे. मात्र अनुभवाचा आदर करता करता अनुभवाची आरती सुरू होते, तिथे वर्ग संपतो आणि पारावरच्या गप्पा सुरू होतात. अनुभव चुकीचाही असतो. जॅक मेझिरो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत घर सांभाळून पुन्हा कॉलेजात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की माहितीची भर पडते तेव्हापेक्षा, आजवर गृहीत धरलेलं काहीतरी डळमळतं तेव्हा मोठा माणूस खरा बदलतो. डळमळणं सुखाचं नसतं. त्या वेळी शेजारी विश्वासाचा माणूस लागतो. हिशोबपट्ट्या मागणारी ती मुलगी तसं माणूस होती.

आता मिश्र पद्धत. थोडं वर्गात, थोडं पडद्यावर. या पद्धतीचा देशातला एक प्रचंड प्रयोग झाला आणि आपण तो विसरूनही गेलो. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पदविका मिळवणं बंधनकारक झालं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या या अभ्यासक्रमाला देशभरातून १३ लाखांहून अधिक शिक्षकांनी नावं नोंदवली. 'स्वयम्' पोर्टलवर आणि डीटीएच वाहिनीवर पाठ, केंद्रांवर संपर्कसत्रं. ऐकायला आदर्श रचना. पण दहा-बारा वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या बाईंना पत्र आलं की तुम्ही अप्रशिक्षित आहात, तेव्हा त्या कोणत्या मनाने लॉग-इन करतील? एका विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेने मला सांगितलं की व्हिडिओ चालू करून त्या कणीक मळायच्या, कारण मिनिटं भरायची होती. याच शिक्षिका संपर्कसत्राबद्दल मात्र वेगळ्या आवाजात बोलल्या. दुसऱ्या शाळांतल्या बायका भेटल्या, पगार किती मिळतो हे एकमेकींना कळलं, तिसरीतल्या वजाबाकीवर अर्धा दिवस वाद झाला. शिकणं झालं ते तिथे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून अहवाल काढला होता, त्यात मिश्र पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस दिसली. हा निष्कर्ष चर्चासत्रांत आजही मिरवला जातो. त्याच अहवालातली पुढची सूचना कोणी वाचत नाही: मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेलं होतं, तेव्हा श्रेय माध्यमाला देण्याची घाई नको.

पूर्ण ऑनलाइनची कथा थोडक्यात सांगता येते. एमआयटी आणि हार्वर्डच्या मोफत अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण केले ३.१३ टक्क्यांनी. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैशाने बुद्धी वाढली असं नव्हे, ठरवून आलेला माणूस वेगळा असतो. आपलं 'स्वयम्' ९ जुलै २०१७ ला सुरू झालं, तेही मोफत आहे, आणि चांगले अभ्यासक्रम त्यावर खरोखर आहेत. पण जगातले उत्तम व्याख्याते हाताशी असणं ही वेगळी सोय आणि शिकणं वेगळं, हे टाळेबंदीत शिक्षकांसह सगळ्यांनी पाहिलं. नाव मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद, माणूस गोठ्यात.

प्रौढांच्या ऑनलाइन तासाबद्दल शिकवणारे जे सांगतात ते फारच साधं आहे. सायंकाळी सातचा थेट तास ठेवू नका, ती स्वयंपाकाची वेळ. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आजींचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण शाळेची वेळ दुपारी दोन ते चार होती, घरची कामं उरकल्यावरची, हे फार थोड्यांनी टिपलं. पदवीच्या वर्गालाही हेच लागू. रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे पाचला ऐकता येईल असं ध्वनिमुद्रण हवं, तेही दहा-बारा मिनिटांचं, कारण त्यानंतर एकतर झोप येते नाहीतर मूल उठतं. फाइल हलकी हवी, दिवसाचा डेटा घरात वाटून वापरला जातो. चर्चेला पन्नास जण नकोत, सहा हवेत. सहांमध्ये गैरहजेरी दिसते. आणि प्रश्न असा हवा की उत्तर शोधायला कामाच्या ठिकाणी बघावं लागेल: तुमच्या पतसंस्थेत थकीत कर्ज कोण वसूल करतं, अंगणवाडीत वजनाचा तक्ता कोण भरतं आणि पुढे तो कोण वाचतं. गुगलवर न सापडणारं उत्तर लिहायला मोठी माणसं तयार असतात, लांबलचक लिहितात.

स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांबद्दल काही लिहिणार नव्हतो. एवढंच लिहितो की वाचता येतं म्हणूनच ही मंडळी कॉलेजात आलेली असतात.

या सगळ्यात पैशाचा आणि पदाचा प्रश्न येतोच. बहुतेक समंत्रक तासाच्या मानधनावर असतात. आठवडाभर तरुणांना शिकवून रविवारी पुन्हा उभे राहतात. मोठ्यांना कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण बहुतेकांना मिळतं ते एखाद-दोन दिवसांच्या कार्यशाळेत, त्यातलाही बराच वेळ अर्ज आणि गुणनोंदणी समजावण्यात जातो. गृहपाठावर शेरा लिहिण्याचे वेगळे पैसे नाहीत. तरी काहीजण लिहितात. व्यवस्था त्यांच्या चांगुलपणावर चालते आणि त्यांना तसं सांगतही नाही.

पहिल्या वर्षाहून दुसऱ्या वर्षाला जाताना फॉर्म पुन्हा भरावा लागतो, फी पुन्हा. इथे सगळ्यात जास्त माणसं गळतात. एका केंद्रावरच्या लिपिकाने यासाठी स्वतःची वही केली आहे. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे व्यवसाय, गाव आणि 'फोन कधी करावा' असा रकाना. वाहकासमोर 'ड्यूटी बघून', एका बाईंसमोर 'दुपारी, सासू झोपल्यावर'. मुदत संपायच्या आधी ते एकेकाला फोन करतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर का टाकत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "टाकतो ना. सगळे अंगठा दाखवतात. फोन केला की मग सांगतात, फीचे पैसे बियाण्याला गेले, नाहीतर नवरा नको म्हणतो." पैशांचं असेल तर ते हप्त्यांचं बघतात. नवऱ्याचं असेल तर ज्या बाईंनी तिसरं वर्ष पूर्ण केलं त्यांचा नंबर देतात, "त्यांच्याशी बोलून बघा" म्हणून. यंदा पहिल्या वर्षाच्या यादीतले किती परत आले, ते त्यांना वहीत न बघता सांगता आलं. कोण आले नाहीत, तेही नावानिशी सांगितलं. मोबाइलचं रिचार्ज ते स्वतःच्या खिशातून करतात. केंद्राच्या खर्चाच्या नमुन्यात 'झेरॉक्स', 'चहापान' आणि 'स्टेशनरी' आहे. फोनसाठी रकाना नाही. यंदा त्यांनी तशी मागणी लेखी पाठवली आहे. उत्तर यायचं आहे.